शिकारी मंडळ, मूस आणि गाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिला खाली चार ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून स्वतंत्र लिहिते. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी फिनलंडमधल्या आमच्या गावच्या शिकारी मंडळाबद्दल लिहिलं होतं. त्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं म्हणणं असं : भरल्या पोटाच्या देशात जनावर मारणं हा निव्वळ शौक आहे, त्याला समाजकार्याचा मुलामा देऊ नये. घरोघरी बंदुका असलेल्या गावात एकोपा नांदत नाही, धाक नांदतो. आणि आपल्याकडे रानडुकरं उभं भात लोळवतात तरी शेतकऱ्याला हात बांधून बसावं लागतं, अशा वेळी परदेशातल्या शिकारीचं कौतुक वाचवत नाही.

शेवटच्या मुद्द्यातलं दुःख मला कळतं, त्याकडे येतेच. आधी शौकाचं बोलू.

शिकारीत आनंद आहे, हे मी नाकारणार नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी देशाच्या बहुतेक भागात मूसच्या, म्हणजे हरणाच्या कुळातल्या एका अवाढव्य प्राण्याच्या, शिकारीचा हंगाम उघडतो आणि त्या पहाटे गावातली माणसं सणाला निघाल्यासारखी निघतात. पण मंडळ का उभं राहिलं, याचं कारण त्या आनंदात सापडत नाही. ते जमिनीच्या हिशेबात आहे.

फिनलंडमध्ये कुणाच्याही रानात शिरून बेरी तोडायची, अळंबी गोळा करायची सगळ्यांना मुभा आहे. शिकारीची नाही. शिकारीचा हक्क जमीनमालकाचा. आणि इथलं बरंचसं जंगल सरकारचं नसून कुटुंबांच्या मालकीचं आहे, एकेका घराकडे सरासरी तीसेक हेक्टर. मूस हा सांबरापेक्षा बराच मोठा प्राणी, वयात आलेला नर पाचशे किलोच्या आसपास भरतो, आणि तो कुणाच्या सातबाऱ्याची हद्द मानत नाही. म्हणून मूसचा परवाना मागायचा तर साधारण १,००० हेक्टर सलग क्षेत्र दाखवावं लागतं. एवढं रान एका घराकडे नसतं. ते जमवायचं तर पन्नास उंबरे झिजवायचे, म्हाताऱ्या विधवेपासून हेलसिंकीत नोकरी करणाऱ्या तिच्या पुतण्यापर्यंत सगळ्यांना विचारायचं, सह्या घ्यायच्या. मंडळ जन्माला येतं ते इथे. बंदूक नंतर येते, आधी शेजाऱ्याची परवानगी येते.

आमच्या घरात हा कागद मी पाहिला आहे. सासूबाईंच्या नावावर थोडं रान आहे आणि त्यांनी ते मंडळाला शिकारीसाठी दिलंय. भाडं काही नाही, बहुतेक ठिकाणी नसतंच. तळ्याकाठचा पट्टा मात्र त्यांनी करारातून वगळलाय, कारण तिथे त्या फिरायला जातात. तो पट्टा मंडळ पाळतं. एखादं जनावर त्या बाजूला गेलं तर गेलं. उद्या सासूबाईंचं मन फिरलं तर मंडळाच्या नकाशात भोक पडेल, आणि चार घरांचं फिरलं तर परवाना मिळवणंच अवघड होईल. हातात रायफल असलेली माणसं हातात काठी टेकत चालणाऱ्या बाईच्या शब्दावर अवलंबून आहेत. तुम्ही धाक म्हणालात. इथे तो असलाच तर उलट्या दिशेने वाहतो.

त्या भाड्याच्या बदल्यात वर्षातून एकदा जेवण असतं, हिर्वीपेइयाइसेत नावाचं. मागच्या लेखात मी त्याचं वर्णन केलं आणि तुम्हाला तेच सर्वांत खटकलं, ‘जनावर मारून वर पंगत’ असं तुम्ही लिहिलंत. पण ती पंगत म्हणजे देणं फेडण्याचा दिवस आहे. मोठ्या कढईत मूसचं मांस, बटाटे, गाजरं यांचं पातळ कालवण शिजतं, सोबत राय या धान्याचा पाव, कॉफी. बोलावणं आधी जमीनमालकांना जातं, पुष्कळ गावांत मग सगळ्यांनाच. वाढायला शिकारी उभे राहतात. शाळा बंद पडली, दुकान बंद पडलं, पोस्ट गेलं, अशा गावात सगळी माणसं एका छपराखाली बसण्याचे प्रसंग किती उरतात? मी परकी म्हणून या गावात आले. ज्यांच्याशी एरवी माझी वर्षभर गाठ पडली नसती अशा माणसांच्या शेजारी बसून मी त्या बाकावर जेवले आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हो, मी ते खाते.

आता जे वाचून तुम्हाला आणखी वाईट वाटेल तेही लिहिते, कारण ते लपवून मंडळाची बाजू मांडणं मला योग्य वाटत नाही. इथे पाडसंही मारली जातात, आणि संख्येने ती थोडीथोडकी नसतात. एका परवान्यावर एक प्रौढ मूस किंवा दोन पाडसं, असा नियम आहे. पाडस मागे चालत असलेल्या मादीला मारायला कायद्याने बंदी आहे. तिच्यामागचं पाडस मारता येतं. आपल्या मनाला हे ऐकवत नाही, माझ्याही नाही ऐकवलं. पण त्यामागचा विचार असा की, माय गेली तर पहिल्या हिवाळ्यात पाडसाचं कठीण असतं. शिवाय विणाऱ्या माद्या राखल्या तर कळप टिकतो. मोठे नर आणि माद्या सरसकट मारत गेलं तर काय होतं, हे या देशाने अनुभवलंय. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मूस इतके घटले की १९२३ ते १९३३ त्यांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घालावी लागली. आज हिवाळ्यात शिकार संपल्यावरही हजारोंच्या संख्येने मूस उरतात. ते बंदुका नसल्यामुळे उरलेले नाहीत, मोजूनमापून चालवल्यामुळे उरले आहेत.

आणि मोजणारी माणसंही बरीचशी हीच. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे रानात त्रिकोण आखलेले आहेत. प्रत्येक बाजू ४ किलोमीटर, एकूण १२. ऑगस्टमध्ये तिघे जण ओळीत अंतर ठेवून साठेक मीटरचा पट्टा विंचरत चालतात, झाडीतून उठणारे रानकोंबडे मोजतात. हिवाळ्यात त्याच रेषेवर बर्फातले माग मोजतात. डास असतात, दलदल असते, वाटेत कापलेल्या जंगलाचा राडा असतो आणि बंदूक बरोबर नसते. हे आकडे ‘लुके’ या सरकारी संशोधन संस्थेकडे जातात आणि त्यावरून त्या भागात यंदा पक्ष्यांची शिकार किती दिवस, की मुळीच नाही, हे ठरतं. म्हणजे ही माणसं दोन दिवस तंगडतोड करून जे मोजून आणतात, त्यातून त्यांच्याच शिकारीला कात्री लागू शकते, आणि लागलेली आहे. तरी ती मोजायला जातात. निव्वळ शौकाने हे स्पष्ट होत नाही, सर.

रस्त्यावरच्या कामाबद्दल मागे मी एकच वाक्य लिहिलं होतं, ते अपुरं पडलं असावं. मूसचे पाय उंच असतात. गाडीची धडक पायांना बसते आणि सगळं धड काचेवर येतं. अशा धडका दरवर्षी होतात, आणि पुष्कळदा जखमी जनावर उठून अंधारात निघून जातं. माझ्या कामावरची एक मुलगी नोव्हेंबरात रात्रपाळी करून घरी येत असताना तिच्या गाडीला मूस धडकला. तिला फार लागलं नाही. तिने ११२ला फोन केला (तुमच्याकडेही तोच क्रमांक आहे), पोलीस आले, त्यांनी त्या रात्रीच्या पाळीवरच्या शिकाऱ्यांना उठवलं. राखाडी एल्कहाउंड कुत्रा घेऊन दोघे आले. त्यातला एक शाळेची बस चालवतो, सकाळी त्याला कामावर जायचंच होतं. कुत्र्याला माग लावून ते रानात शिरले. जनावर पाय मोडून पडलेलं सापडलं, आणि त्यांनी गोळी घालून त्याला यातनांतून सोडवलं. त्यानंतर त्यातल्या एकाने त्या मुलीला फोन करून सांगितलं की सापडलं, आता त्रास नाही. ती रात्रभर त्या जनावराच्याच विचारात बसली होती. या कामाचा पगार नाही. प्रत्येक भागात अशी पाळी लावलेली असते आणि ती पाळी भरणारी माणसं याच मंडळांतून येतात. अपघातात जखमी झालेल्या जनावराला रानात कुजत मरू द्यायचं नाही, ही जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. अहिंसा मानणाऱ्या माणसालाही ती टाळता येणार नाही असं मला वाटतं.

बंदुकांचं तुमचं म्हणणं मात्र मी हलक्यात घेत नाही. २००७ साली योकेला आणि २००८ साली काउहायोकी इथे शाळांमध्ये गोळीबार झाले, दोन्ही वेळा परवाना असलेल्या पिस्तुलांनी. त्यानंतर कायदा कडक झाला. ती शिकारीची हत्यारं नव्हती एवढं म्हणून हात झटकावेत, असं मला मुळीच वाटत नाही. पण मंडळाच्या रायफलींभोवती काय काय आहे तेही पाहा. मूसवर बंदूक रोखायची तर शिकारीच्या परीक्षेवर आणखी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते : ७५ मीटरवरून ९० सेकंदांत चार गोळ्या, चारही २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात. ती तीन वर्षं चालते, मग पुन्हा द्यायची. एक गोळी बाहेर गेली तर नापास, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना. मूसच्या शिकारीला एक नेमलेला प्रमुख असतो, तो म्हणेल तिथे उभं राहायचं. डोक्यावर आणि अंगात केशरी असलंच पाहिजे. गावातला जो माणूस दारू पिऊन येतो, घाईत गोळी झाडतो, त्याला मंडळ सगळ्यांच्या आधी ओळखतं. एकट्यादुकट्याच्या कपाटातल्या बंदुकीवर असा शेजाऱ्यांचा डोळा नसतो.

मंडळाचं सगळंच मला पटतं असं नाही. १९३४ साली मिनेसोटातल्या फिन्निश स्थलांतरितांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची काही पिल्लं मायदेशाला भेट पाठवली, ती वेसिलाहतीच्या लाउक्को या जहागिरीत ठेवली गेली. त्या मूठभर जिवांपासून आज नैऋत्य फिनलंड हरणांनी भरलाय, गाड्यांच्या धडका वाढल्यात. आणि काही मंडळं हिवाळ्यात त्यांना गाजरं आणि धान्य घालतात, जगवतात, मग शरदात त्यांचीच संख्या आवरायची म्हणून परवाने मागतात. हे मला खोटं वाटतं आणि मी ते गावात बोलून दाखवते. लांडग्यांबद्दल इथल्या शिकाऱ्यांच्या तोंडी जो राग असतो, तोही मला सलतो. लांडग्याने कुत्रा मारल्याचं दुःख खरं आहे, पण सगळ्या देशात मिळून काहीशे लांडगे उरलेत, त्यांनाही हे रान लागतं. नव्या माणसाला मंडळात शिरायला वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं आणि मग तीच मंडळी म्हणतात की तरुण पोरं येत नाहीत. टीका करायचीच तर या जागा आहेत, सर. इथे तुम्ही माझ्या बाजूला उभे राहाल.

आता आपल्याकडचं. तुमच्या भाताची नासाडी आणि आमच्या गावची शिकार यांची सांगड मी मागच्या लेखात घातली नव्हती, आणि आताही ‘तिकडचं इकडे आणा’ असं म्हणणार नाही. फिनलंडमध्ये एका चौरस किलोमीटरला अठरा माणसं राहतात, महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत ३६५ होती. रायफलची गोळी कुठे जाऊन पडेल हा प्रश्न तिथे वेगळा आणि इथे वेगळा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचं जे वाचवलं ते मोलाचं आहे, तो सैल करावा असं मी कधीच लिहिणार नाही.

पण एक गोष्ट मला डाचते. रानडुक्कर किंवा नीलगाय पिकात शिरली तर मारण्यासाठी वनखात्याकडे परवानगी मागता येते. मागतो कोण? एकटा शेतकरी. नुकसानीचा पंचनामा कुणाचा? त्याचाच. माळ्यावर बसून रात्र जागवतो तोही एकटा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पीक राखायच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात, परत येतात, पण त्या बंदुकवाल्यांनी मिळून डुकरं किती, वाढली की घटली, कुठल्या बाजूने उतरतात, हे कधी मोजलंय का? एकट्या शेतकऱ्याने वैतागून कुंपणात वीज सोडली तर जनावरही मरतं आणि कधी शेजारचा माणूसही. हे सगळं एकट्यावर टाकलेलं ओझं आहे. आमच्या मंडळाचं मोल मला वाटतं ते याच कारणासाठी. रानातल्या जनावरांशी गावाचा जो काही व्यवहार आहे, मारण्याचा, मोजण्याचा, जखमी शोधण्याचा, नुकसान सोसण्याचा, तो इथे चारचौघांत, नावानिशी, जाब विचारता येईल असा होतो. त्यात गोळी झाडणं हा भाग असलाच पाहिजे असं नाही. कोकणात राखण, मोजणी, पंचनामा एवढंच जरी वाडीने मिळून केलं तरी ते मला या मंडळाचंच काम वाटेल.

आणि तुम्हाला एक विचारायचं आहे. कायद्याच्या आधी कोकणात पारध व्हायची, हाकारे घालून सगळं गाव रानात जायचं आणि मांसाचे वाटे पडायचे, एवढं मी आजोबांच्या पिढीकडून ऐकलंय. तुमच्या वयाच्या माणसाने ती शेवटची शेवटची पाहिली असेल. वाटे कोण पाडायचं? ज्याच्या रानात जनावर पडलं त्याला वेगळा वाटा असे का? कुठल्या दिवसांत आणि कुठल्या रानात पारध निषिद्ध होती? तुम्हाला शिकार आवडत नाही हे माहीत असूनही विचारते, कारण हे नियम सांगू शकतील अशी माणसं आता कमी राहिलीत. वेळ मिळेल तसं लिहा.