वडिलोपार्जित प्रॉपर्टी

यंदा कॉलेजात पाऊल टाकलं असेल, तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. घर ही राहायची जागा नाही, नेपथ्याचं गोदाम आहे. तिथे दोन-तीन वयस्कर माणसं रखवालीला असतात. त्यांच्याशी गोडीगुलाबीने वागावं, कारण कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

एकांकिकेला लागणाऱ्या कंदील, काठी, सुटकेस, भिंगाचा चष्मा असल्या सामानाला नाटकवाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. तुम्ही पुण्यात असाल तर हे सामान ऐन पावसाळ्यात, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीआधी लागतं. कॉलेजचे पैसे मंजूर होऊन हातात पडेपर्यंत थंडी पडलेली असते. सबब प्रॉपर्टी ही वडिलोपार्जितच असावी लागते. त्यावर तुमचा जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर तो मुलींनाही मुलांइतकाच आहे, तेव्हा मुलींनी उगाच संकोच करू नये. आईची पैठणी, बाबांचा लग्नातला कोट, आजीची नऊवारी, देवघरातली समई, सगळं उचलावं. समई उचलताना फक्त वात विझली आहे ना एवढं बघावं.

मागताना 'दोन दिवसांत आणून देतो' असं म्हणायची पद्धत आहे. कुठले दोन दिवस ते सांगू नये.

पैठणी परत येते तेव्हा पदराला सेफ्टीपिनांची नक्षी असते आणि काठाला दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास. आई ती उजेडात धरून बघेल. काही बोलणार नाही. पुढच्या लग्नाला पदर असा काही दुमडून घेईल, की नक्षी आतल्या बाजूला जाईल. तुम्ही तिथे असलात तर नवरा-नवरीकडे बघावं.

आता तालमींकडे वळू. सकाळी सात ते नऊ लेक्चर बुडवून, नऊ ते सहा लेक्चर बुडवून, आणि सहानंतर बुडवायला लेक्चर उरत नाहीत म्हणून नाइलाजाने रात्री बारापर्यंत, असं वेळापत्रक असावं. 75 टक्के हजेरीचा नियम आहे खरा, पण तो संसारी माणसांसाठी. घरून निघताना 'नऊपर्यंत येतो' म्हणावं. रात्री पावणेएकला लॅच उघडताना आवाज होऊ देऊ नये. तो आवाज ऐकायलाच आई जागी असते, हा तपशील मनाला लावून घेऊ नये. ताट झाकून ठेवलेलं असेल. 'बाहेर खाल्लं' म्हणावं. ती झोपायला गेली की खावं.

मित्रांना घरी न्यायचंच असेल तर रात्री अकरानंतर न्यावं, आणि पाचपेक्षा कमी नेऊ नयेत, कारण दोन माणसांसाठी पिठलं टाकायला कोणालाच उत्साह वाटत नाही. तुमच्या लाइट्सवाल्याला मिरची चालत नाही हे आईला दुसऱ्या खेपेपासून न सांगता लक्षात राहील. तिला मिरची चालते का, हे तुम्ही विचारायचं कारण नाही. विषय एकांकिकेचा आहे.

विषयावरून आठवलं. विषय गंभीर निवडा. आमची एकांकिका कुटुंबातल्या हरवत चाललेल्या संवादावर होती. तालमींमुळे दीड महिना घरच्यांशी बोलणंच झालं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना विषय अगदी आतून कळला होता. प्रतीकं कशी वापरायची तेही सांगून ठेवतो, परीक्षक विचारतात. खुर्ची म्हणजे सत्ता. दोरी म्हणजे व्यवस्था. मधोमध रिकामी चौकट म्हणजे काहीही. आणि आई म्हणजे ऑफस्टेज आवाज. आईला रंगमंचावर आणू नये, तिला वाक्यं द्यावी लागतात.

मित्रांवरचं प्रेम मात्र मोकळेपणाने व्यक्त करावं. 'यार, तुझ्यासाठी जीव देईन' हे वाक्य रंगीत तालमीच्या रात्री किमान एकदा यायला हवं. ते म्हणत असतानाच घरून निरोप आला, की बाबांना सिलिंडर वर चढवायला जरा हात हवाय, तर 'तालीम आहे' म्हणून कळवावं. जीव एकच असतो, तो असा मजल्या-मजल्यावर खर्च करता येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात, घसा फुटेस्तोवर 'अरे आव्वाज कुणाचा' ओरडायचं. हे कसं करायचं ते शिकवावं लागत नाही. स्पर्धा 1963 पासूनची, पोरं वर्षानुवर्षं ओरडताहेत, भिंतींना पाठ असेल. गंमत अशी, की हाच घसा घरी 'दार कोण उघडतंय?' या प्रश्नाला उत्तर द्यायलासुद्धा उघडत नाही.

फिशपॉन्डबद्दल, म्हणजे निनावी टोमण्याबद्दल, वेगळं सांगत नाही. त्याला जुने लोक शेलापागोटे म्हणत. आपल्यावर पडला तर खळखळून हसावं आणि रात्रभर जागून तो कोणी टाकला याचा शोध घ्यावा. इतकंच.

निकालाची रात्र सगळ्यात महत्त्वाची. अंतिम फेरीत आपलं नाव नसतं. (असलं तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि तुम्ही माझे मित्रही नाही.) अशा वेळी टपरीवर पहाटेपर्यंत बसून एकमेकांच्या खांद्यावर यथेच्छ रडावं. परीक्षकांना काही कळत नाही यावर एकमत करावं. परीक्षकांचं मन किती कठोर असू शकतं याला दाखलाही आहे : 2022 साली त्यांना एकही एकांकिका त्या तोलाची वाटली नाही आणि पुरुषोत्तम करंडक कोणालाच मिळाला नाही. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या सगळ्या कॉलेजांवर एकाच रात्री त्या करंडकाविना परतायची पाळी आली. आमच्या ग्रुपवर त्या रात्री पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांना जो आनंद झाला, तो वर्णन करण्यासारखा नाही.

तर, भरपूर रडून झालं की घरी जावं. बाबा दार उघडतील. डोळे सुजलेले पाहून विचारतील, "काय झालं?" म्हणावं, "काही नाही." या उत्तराची भरपूर तालीम करून ठेवा. दुःख मित्रांना, 'काही नाही' घरच्यांना, अशी वाटणी एकदा ठरली की पुढे नोकरी गेली, लग्न मोडलं, छातीत दुखलं, तरी हेच उत्तर उपयोगी पडतं. बाबांनाही ते चांगलं येतं. माझा अंदाज आहे, त्यांनीच कधीतरी लिहिलं असणार.

ऋणनिर्देशाचा कागद वाचताना कॅन्टीनवाले, शिपाईमामा, जनरेटरवाला, टेम्पोवाला, कोणाला विसरू नये. घरच्यांची नावं घेऊ नयेत. आभार मानणं म्हणजे परकेपणा, आणि तुम्ही तर त्यांना इतकं आपलं मानता, की पंचवीस वर्षं एकदाही मानलेले नाहीत.

नंतरचा काळ आठवणींचा. त्यासाठी ग्रुप काढावा आणि दर डिसेंबरात रियुनियनच्या तारखा ठरवून मोडाव्यात. आठवण सांगताना ती दरवर्षी थोडी वाढवावी. आमच्या प्रयोगात एकदा लाइट गेले होते. पहिल्या रियुनियनला ते दोन मिनिटं गेले होते. अलीकडे ते अर्धा तास जातात आणि आमचा दिग्दर्शक त्या अंधारात स्वगत म्हणतो. त्या अर्ध्या तासात विंगेतून टॉर्च कोणी आणला, हे मात्र कोणाला आठवत नाही. टॉर्च बाबांचा होता. प्रॉपर्टीच्या यादीत आहे, अनुक्रमांक अकरा. ती यादी अजून माझ्याकडे आहे आणि 'परत केले' या रकान्यात एकच खूण आहे.

ती खुर्चीपुढे आहे.

आजोबांची वेताची खुर्ची. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना उपदेश, असा तिचा दिनक्रम होता. दिग्दर्शकाला सत्तेचं प्रतीक हवं होतं आणि प्लास्टिकच्या खुर्चीतून सत्ता येईना. मी तीन दिवसांसाठी म्हणून ती उचलली. दीड महिना आजोबांनी पलंगाच्या कडेवर बसून पेपर वाचला. खुर्ची परत आली तेव्हा पुढचे दोन पाय काळ्या रंगाने रंगवलेले होते, बैठकीखाली खडूने 'प्रवेश दुसरा, डावीकडे' लिहिलेलं होतं, आणि उजवा हात खिळखिळा झाला होता. सत्तेचा ऱ्हास दाखवायला आम्ही तो रोज तालमीत पिरगाळत होतो.

अशी वस्तू परत करताना ती हळूच जागेवर ठेवावी आणि आंघोळीला जावं. मी तसंच केलं. बाहेर आलो तर आजोबा खुर्चीत बसले होते, उजव्या हाताला भार नको म्हणून डावीकडे कलून. शेवटपर्यंत ते तसेच बसत. बाबांनी सुतार आणला होता एकदा. आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

प्रयोगाला आम्ही घरच्यांना बोलावलं नव्हतं. बोलावू नयेच, समोर ओळखीचा चेहरा दिसला की अभिनय घरगुती होतो. पण आजोबा आले. 'खुर्ची बघून येतो' एवढंच आईला म्हणाले, छत्री घेतली आणि बसने भरतला गेले. आम्ही प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो, याबद्दल ते मला पुढे कधी एका शब्दाने काही बोलले नाहीत. पण घरी कोणी पाहुणा आला आणि चुकून त्या खुर्चीत टेकायला लागला, की ते त्याला हाताने थांबवत.

"जरा जपून. भरत नाट्य मंदिरात काम करून आलीय ती."

पाहुणा कौतुकाने माझ्याकडे बघे. "अरे वा! म्हणजे हाही होता नाटकात?"

"होता ना," आजोबा म्हणत. "पण हा दहाव्या मिनिटाला मेला. खुर्ची शेवटपर्यंत होती."