निसर्गरम्य रस्त्याने जाताना

हंगाम सरत आला, दिवस लहान झाले आणि सकाळची हवा बोचू लागली, की आमच्या मित्रमंडळात कुणाला तरी शनिवार-रविवारी मोटारसायकली काढून आडरस्त्यांनी भटकण्याची हुक्की येते. "यंदाची ही शेवटची संधी, पुढे थंडी पडेल," असे सांगितले जाते आणि थंडी केव्हाच पडली आहे हे लक्षात आणून देणारा अरसिक ठरतो. हमरस्ता वर्ज्य असतो, कारण निसर्ग आडरस्त्यावरच राहतो आणि तो डोळे भरून पाहण्यासाठी आपण निघालो आहोत, अशी आमची सामुदायिक श्रद्धा आहे. माझा अनुभव मात्र असा, की रस्ता जितका निसर्गरम्य, तितका तो चालवणाऱ्याला कमी दिसतो.

यामागचे गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. म्हणजे दरीकडे दोनच सेकंद कौतुकाने पाहिले, तरी तेवढा रस्ता डोळे मिटून पार केल्यासारखा होतो. आणि आडरस्त्याच्या ३३ मीटरांत एक आंधळे वळण, दोन खड्डे, सांडलेली खडी आणि मधोमध ध्यानस्थ बसलेले एखादे कुत्रे एवढा ऐवज आरामात मावतो. त्यातून मोटारसायकलीचा स्वभाव असा, की चालवणारा जिकडे टक लावतो तिकडेच ती झुकू लागते. दरीच्या सौंदर्यावर लुब्ध झालेल्याला ती दरी अगदी जवळून दाखवण्याची तिची तयारी असते. त्यामुळे वाटेत कोणती झाडे होती हे मला सांगता येणार नाही; परंतु पुढच्या मित्राच्या मागच्या दिव्याला तडा गेलेला आहे, त्यावर चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिचे सुटलेले टोक वेग वाढला की फडफडू लागते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

हंगामाअखेर उरलेसुरले दिसणेही संपते. सूर्य इतका खाली आलेला असतो, की पश्चिमेकडे वळताच तो थेट डोळ्यांत घुसतो आणि सावलीतल्या वळणांवर ओली पाने टपून बसलेली असतात. श्वासाची वाफ हेल्मेटच्या थंड काचेवर धरते. काच बोटभर उघडावी, तर वाऱ्याने डोळ्यांना धारा लागतात. हवा १० अंश सेल्सिअस असली, तरी ताशी ६० च्या वेगात उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी झोंबते. मागे बसलेल्याची मात्र चैन असते. माझ्या पाठीचा आडोसा घेऊन तो सगळा निसर्ग एकटा पाहतो आणि खांदा हलवून म्हणतो, "अरे, ते बघ!" 'ते' म्हणजे काय हे कळेपर्यंत ते मागे पडलेले असते.

यावर उपाय म्हणून थांबे घेतले जातात. एखाद्या उंच कडेला सगळ्या गाड्या ओळीने उभ्या राहतात, आणि आम्ही दरीकडे पाठ करून इंजिनांभोवती हात शेकत बसतो. खरा वेळ जातो तो हातमोज्यांत. घामाने ओलसर झालेल्या मोज्यातून बोटे ओढली, की आतले अस्तरही बोटांबरोबर बाहेर येते. ते पुन्हा आत सारताना करंगळीची जागा कुठेतरी हरवते, आणि बधिर झालेल्या हाताला आपण नक्की कोणते बोट कुठे खुपसत आहोत याचा पत्ता नसतो. माझ्या मोज्यांचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला हेल्मेट काढून शिंकायचे असते, तिसऱ्याला गाडी रिझर्व्हला लागल्याचे आठवते आणि नकाशा सांभाळणारा मित्र अंधार पडायच्या आत पोहोचायचे आहे, असे बजावून सगळ्यांना हाकलतो. दरी तिथेच राहते.

मुक्कामी पोहोचल्यावर रस्ता अप्रतिम होता, यावर एकमत होते. पुराव्यादाखल छायाचित्रे निघतात. प्रत्येकात आमच्या मोटारसायकली खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत आणि त्यांच्या मागे जे काही असावे ते त्यांनी पूर्ण झाकले आहे. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. वाद झाला तो इतकाच, की कडेला उभ्या असलेल्या गाडीचे मागचे चाक एकाही छायाचित्रात आलेले नव्हते.