पोलिओच्या थेंबांनी ४ लाख ९० हजार मुलं लुळी झाली म्हणे!

माझ्या मामेबहिणीने यंदा पोलिओ रविवारी बाळाला बूथवर नेलं नाही. दुसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या, तर त्यांनाही दारातूनच परत पाठवलं. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'बिल गेट्सच्या पोलिओ लसीने भारतात ४ लाख ९० हजार मुलं लुळी झाली. लसीत वंध्यत्वाचं औषध आहे. आदिवासी मुलींवर प्रयोग करून त्यांना मारलं. म्हणून २०१७ मध्ये भारताने गेट्सला हाकललं.' खाली हात जोडलेले. अमेरिकेतले लसविरोधक रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी २०२० मध्ये साधारण हेच पसरवलं होतं. तेव्हापासून ते थांबलेलं नाही.

आधी तो आकडा. तो २०१८ च्या एका शोधनिबंधातून उचललाय. निबंध खरा आहे, पण त्याच्या शीर्षकातच 'नॉन-पोलिओ' असं लिहिलंय. म्हणजे ही मोजणी पोलिओ नसलेल्या रुग्णांची आहे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की सरकारी भाषेत ती 'एएफपी केस' होते. मग कारण काहीही असो: गियाँ-बारे हा नसांचा आजार असो, मणक्याचा आजार असो, नाहीतर चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनने दुखावलेली शीर. मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेतात, प्रयोगशाळेत पाठवतात (आपल्याकडचे मुंबईत परळला जातात) आणि साठ दिवसांनी मूल चालतंय का ते पुन्हा बघतात. यातली कितीतरी मुलं तोवर चालायला लागलेली असतात. पोलिओ सुटू नये म्हणून भारताने हे जाळं मुद्दाम बारीक विणलं, त्यामुळे २०११ च्या सुमारास वर्षाला साठेक हजार केसेस नोंदल्या जात होत्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये विषाणू चिवट होता, म्हणून डोसही तिथेच जास्त पाजले आणि शोधही तिथेच जास्त घेतला. निबंधकारांनी 'एरवी इतक्याच केसेस असायला हव्यात' असं गृहीत धरून त्याहून वरची संख्या जादा ठरवली आणि तिचा संबंध डोसांशी लावला. मेसेजवाल्याने पुढे 'संबंध'चं 'कारण' केलं आणि 'नॉन-पोलिओ' गाळून टाकलं. २००९ मध्ये याच देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या जवळपास निम्मे. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. हे मेसेजमध्ये का नाही?

एक गोष्ट मान्य करतो. तोंडावाटे देतात त्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. जिथे बरीच मुलं डोसाविना राहतात तिथे तो फिरत राहतो आणि क्वचित पुन्हा घातक बनतो. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून टाइप-२ हा विषाणूचा प्रकार काढून टाकला आणि आता सोबत टोचायची लसही देतात. पण हा धोका आटोक्यात ठेवायचा तर एकही मूल सुटता कामा नये. आशाताईंना परत पाठवून तो वाढतोच.

वंध्यत्वाचं तर विचारूच नका. १९९५ च्या पहिल्या पल्स पोलिओत ज्यांनी थेंब घेतले, ते आज स्वतःची मुलं कडेवर घेऊन बूथवर येतात. नायजेरियातल्या कानो राज्याने २००३ मध्ये हीच अफवा खरी मानून मोहीम बंद पाडली. पुढच्या वर्षी इंडोनेशियात बनलेली लस आणून ती पुन्हा सुरू केली. तोवर नायजेरियातला विषाणू देशोदेशी पोचला होता. २००५ मध्ये तो खुद्द इंडोनेशियात शिरला आणि तिथली सुमारे तीनशे मुलं लुळी झाली.

मुलींवरच्या प्रयोगाची गोष्ट वेगळी, आणि इथे मेसेजवाल्याच्या हाताला थोडं सत्य लागलंय. ती लस पोलिओची नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे 'पाथ' या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशातून ती हजारो मुलींना दिली. सात मुली दगावल्या. चौकशीत कुणी बुडालेली, कुणाला साप चावलेला, कुणी विष घेतलेलं असं निघालं आणि लसीशी संबंध दिसला नाही. पण खम्ममच्या वसतिगृहांत संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ च्या संसदीय समितीने यावर सडकून टीका केली आणि ती रास्तच होती. गरिबाच्या मुलीची संमती अशी परस्पर उरकली जाते, हा खरा गुन्हा. त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं हाकलणं. २०१७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने लसीकरणाला तांत्रिक मदत करणाऱ्या एका कक्षाचा खर्च फाउंडेशनकडून स्वतःकडे घेतला, एवढंच. त्यानंतरही फाउंडेशनचं दिल्लीतलं ऑफिस चालूच राहिलं.