मोहेंजोदडोचे सांगाडे आणि आरोपी इंद्र

शाळेत सिंधू संस्कृतीचा शेवट आम्हाला एका वाक्यात उरकून शिकवला गेला: रथांतून आर्य आले आणि त्यांनी नगरे उद्ध्वस्त केली. हे वाक्य कुठून आले, याचा शोध मी फार उशिरा घेतला.

१९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर हे ब्रिटिश फौजेतले अधिकारी होते. १९४६ मध्ये हडप्प्याच्या उत्खननात त्यांना तटबंदी दिसली. फौजी माणसाच्या मनात तटबंदीपाठोपाठ वेढा येणारच, आणि ऋग्वेदात इंद्राला ‘पुरंदर’, म्हणजे पुरे (तटबंद नगरे) फोडणारा, म्हटलेले होतेच. मोहेंजोदडोच्या घरांत व गल्ल्यांत आधीच सापडलेले सुमारे ३७ सांगाडे त्यांनी या कथेला जोडले आणि परिस्थितिजन्य पुराव्याच्या आधारे इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

१९६४ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी हे सांगाडे पुन्हा तपासले, तेव्हा ते सगळे एकाच काळातील नसल्याचे, आणि ज्या बालेकिल्ल्याचे रक्षण व्हायला हवे होते तिथे त्यांतला एकही सापडला नसल्याचे त्यांनी दाखवले. पुढे मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी यांनी हाडांचा अभ्यास केला. मृत्यूच्या वेळी झालेल्या घावांच्या खुणा त्यांना जवळजवळ आढळल्याच नाहीत. कत्तल झालीच नव्हती, तरी पाठ्यपुस्तकांतली कत्तल पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

आपल्याकडे तर आर्यांचा प्रश्न ही नगरे उजेडात येण्याच्या कितीतरी आधीपासून राजकारणाचा होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त इराणातून आलेले आर्यभट, म्हणजे ब्राह्मण, आणि त्यांनी छळलेली बळीराजाची प्रजा अशी मांडणी केली, तर टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाकडे नेले. फुल्यांची कथा गुलामगिरीचे मूळ शोधत होती आणि टिळकांची कथा पूर्वजांची थोरवी. दोघींची तुलना करताना हा फरक विसरू नये, असे मला वाटते. पण पुरावा म्हणून पाहिले, तर दोन्ही तितक्याच कच्च्या.

आक्रमणाची कथा ज्यांच्या लढ्याला सर्वांत सोयीची ठरली असती, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र ती नाकारली. शूद्रांच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ १९४६ चाच, म्हणजे व्हीलर हडप्प्यात खणत होते त्याच वर्षीचा. आर्य नावाचा वंश बाहेरून आला आणि त्याने वेदांत शत्रू म्हणून येणाऱ्या दास-दस्यूंना जिंकले, याला वेदांत आधार नाही, असे त्यांनी त्यात ऋचा तपासून मांडले. शूद्र मूळचे क्षत्रिय होते, या त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्तावर वाद घालता येतो. सोयीचा पुरावा बाजूला ठेवण्याच्या त्यांच्या शिस्तीवर घालता येत नाही.

आता कथेची दिशा उलटली आहे: बाहेरून कोणी आलेच नाही, असे सांगितले जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी उत्खनन झाले. तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीच्या अवशेषांतून उपयोगी डीएनए मिळाला आणि २०१९ मध्ये लेख प्रसिद्ध झाला: तिच्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा, म्हणजे ज्यांचा संबंध आर्यांशी जोडला जातो त्यांचा, अंश नाही. ती नगरे भरात असतानाच्या काळातली, त्यामुळे तो नसणे हे नंतर कोणी आलेच नाही याचा पुरावा होऊ शकत नाही. त्याच सुमारास, काही त्याच संशोधकांच्या सहभागाने निघालेल्या दुसऱ्या लेखात हे पशुपालक इसवी सनापूर्वी २००० नंतर दक्षिण आशियात आल्याचे मांडलेले होते. आपल्याकडच्या मथळ्यांत गाजला तो पहिलाच.