मिरची-चुन्याने रेबीज जात नाही

सेरेंगेटीच्या सफारीला निघालेल्या मावशीला कुणीतरी एक फॉरवर्ड पाठवला आणि तो आता सगळ्या नातेवाइकांत फिरतोय. म्हणे टांझानियातल्या मुगुमूसारख्या छोट्या गावांत बेवारस कुत्र्यांचा सुळसुळाट आहे, त्यांना गोळ्या घातल्याशिवाय रेबीज हटणार नाही, आणि फ्रिजशिवाय लस टिकत नाही. वर सल्ला असा: कुत्रा चावला तर जखमेत मिरचीपूड नि चुना भरा, कुत्रा धडधाकट दिसत असेल तर इंजेक्शन नको.

हा सल्ला जीवघेणा आहे. लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो. मिरची-चुन्याने जखम चिघळते, विषाणू मरत नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची; विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणाने विरघळतं. दोन मिनिटांत हात आखडू नका. मग आयोडीन लावा. टाके शक्यतो नकोतच. लस त्याच दिवशी सुरू करायची, आणि दात रुतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) हेही द्यावं लागतं. कुत्र्यावर १० दिवस नजर जरूर ठेवा, पण तोवर पहिला डोस अडवू नका. एकदा लक्षणं सुरू झाली की वाचणं जवळजवळ अशक्य.

कुत्री रस्त्यावर मोकळी हिंडतात, हे मान्य. शेळ्या आणि गाढवंही हिंडतात. पण सेरेंगेटी जिल्ह्यातली बहुतेक कुत्री कुणाच्या तरी घरचीच असतात. घर राखतात, गुरांमागे जातात, आणि लसीकरणाच्या दिवशी पोरं त्यांना दोरी बांधून घेऊन येतात. तिथल्या एकेका चाव्याचा माग काढून संशोधक केटी हॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली 'प्लॉस बायोलॉजी' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, की एका पिसाळलेल्या कुत्र्यापासून सरासरी एकाहून किंचितच जास्त कुत्र्यांना लागण होते. त्यामुळे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते. गोळ्या घालून लस दिलेली कुत्री मारलीत, तर हीच टक्केवारी घसरते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर १९९७ नंतर हजारो कुत्री मारली गेली, रेबीज तिथेच राहिला.

फ्रिजचं अर्धं खरं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. पण नोबिव्हॅक ही लस २५ अंशांवर सहा महिने ठेवूनही कुत्र्यांत तितकीच चालली, आणि ही चाचणी टांझानियातच झाली.

खरी गळती वेगळीच आहे. तीन महिन्यांखालची पिल्लं 'लहान आहेत' म्हणून मालक आणतच नाहीत. लस त्यांनाही चालते, आणि मुलांच्या अंगावर खेळतात ती हीच पिल्लं.