कोविशील्ड, ‘रक्तातल्या गाठी’ आणि रोजची ऍस्पिरिन

गणपतीला चाकरमानी गावी आले की वाडीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘कोविशील्डमुळे रक्तात गाठी होतात, कंपनीनेच कोर्टात कबूल केलंय. म्हणून जवान पोरं अचानक जातायत. लस गुपचूप बाजारातून काढून घेतली. ताबडतोब डी-डायमर टेस्ट करा आणि रोज एक ऍस्पिरिन सुरू करा.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपतात. शेवटचा सल्ला तर कोकणातल्या पावसाळ्यात जिवावर बेतू शकतो.

आधी कोर्टाचं. ही लस मुळात विकसित करणाऱ्या ऍस्ट्राझेनेका कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये लंडनच्या न्यायालयात लिहून दिलं की, अत्यंत क्वचित या लशीमुळे टीटीएस, म्हणजे रक्तात गाठी होऊन त्याच वेळी प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होण्याचा आजार, होऊ शकतो. पण ही काही नवी कबुली नव्हती. युरोपच्या औषध नियामकाने 7 एप्रिल 2021 रोजीच हा दुष्परिणाम लशीच्या माहितीपत्रकात घालायला सांगितला होता. आपल्या आरोग्य मंत्रालयाने 17 मे 2021 रोजी आकडाही जाहीर केला: कोविशील्डच्या 10 लाख डोसांमागे 0.61 रुग्ण. लस घेतल्यावर 20 दिवस कोणत्या लक्षणांवर नजर ठेवायची, तेही तेव्हाच सांगितलं. ती यादी प्रत्येक केंद्रावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला हवी होती. तसं झालं असतं तर तीन वर्षांनी ‘लपवलं’ म्हणायला जागा उरली नसती.

मग गाठी अजूनही होत असतील का? नाही. टीटीएसमध्ये शरीर प्लेटलेटमधल्या पीएफ4 या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्यामुळे मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गाठ होते आणि त्याच वेळी प्लेटलेटची संख्या घसरते. हे साधारण 4 ते 42 दिवसांत घडतं, तेही बहुतेक पहिल्या डोसनंतर. न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटदुखी, पायाला सूज, कातडीवर बारीक लाल ठिपके ही त्याची लक्षणं. 2021 मध्ये लस घेतलेल्या माणसाच्या छातीत आज कळ आली, तर कारण हे नव्हे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या धमनीत साचलेला चरबीचा थर फाटतो आणि त्या जागी रक्त गोठतं. ती गाठ वेगळी, तिची कारणंही वेगळी.

‘काढून घेतली’ याचं उत्तर थोडक्यात: भारतात ही लस बनवणाऱ्या सीरम कंपनीने कोविशील्ड बनवणं डिसेंबर 2021 पासूनच थांबवलं होतं. युरोपातली परवानगी मे 2024 मध्ये कंपनीने सोडली, कारण नव्या व्हेरियंटसाठीच्या लशी आल्या होत्या आणि हिला मागणी उरली नव्हती.

जवान मुलांच्या मृत्यूचं मात्र असं दोन ओळींत उरकता येत नाही. जाखडी नाचून आलेला किंवा क्रिकेटच्या मैदानावरून परतलेला पंचविशीतला मुलगा कोसळला की सगळी वाडी हादरते आणि कारण शोधते. पण प्रौढांपैकी जवळजवळ सगळ्यांनीच लस घेतलेली असताना, गेलेल्यानेही ती घेतलेली असणारच. त्यावरून काहीच ठरत नाही. तुलना करावी लागते. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभरातल्या 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयोगटातले असे आकस्मिक मृत्यू आणि त्याच वयाची, त्याच भागातली जिवंत माणसं यांची तुलना केली. लशीने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात असा आकस्मिक मृत्यू झालेल्यांत, कोविडमुळे रुग्णालयात राहून आलेल्यांत, आदल्या 48 तासांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा जबर अंगमेहनत केलेल्यांत. ज्या घरात भाऊ किंवा बाप असा अवेळी गेला असेल, तिथल्या मुलांनी ईसीजी आणि जमल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) जरूर करून घ्यावा.

त्यासाठी डी-डायमरचा उपयोग नाही. रक्तातली गाठ विरघळताना उरणारा अंश ही टेस्ट मोजते. ताप, जखम, ऑपरेशन, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, कशानेही तो वाढतो. गाठीचा संशय असताना ती नाही हे ठरवायला डॉक्टर तो वापरतात. लक्षणं नसताना केला तर वाढलेला आकडा घेऊन माणूस घाबरून फिरतो, एवढंच. तेच पैसे बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला घाला.

आता ऍस्पिरिन. भातलावणीपासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दोन्ही असतात आणि दोन्हींत प्लेटलेट खाली येऊ शकतात. ऍस्पिरिन उरलेल्या प्लेटलेटचं काम बंद पाडते, आणि तो परिणाम गोळी थांबवल्यावरही आठवडाभर टिकतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरताना, रक्तस्रावाचा धोका सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांत ऍस्पिरिन अंगात असेल तर हिरड्यांतून, पोटातून रक्त जाऊ शकतं. अंगदुखीवर दिलेलं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयबुप्रोफेनही याच कारणासाठी टाळायचं. तापाला पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. ऍस्पिरिन सुरू असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा.

छातीत दाब, घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, हे ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन काढू नका. 108 लावा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिला ईसीजी काढून घ्या, मग घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोवा ठरवा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वांत उपयोगी पडतं. अशा वेळी डॉक्टर 300 मिलिग्रॅमच्या आसपास ऍस्पिरिन चावून खायला देतात. ते योग्यच आहे. आणि स्टेंट बसवलेल्या किंवा पूर्वी अटॅक येऊन गेलेल्या माणसाने हे वाचून आपली रोजची 75 मिलिग्रॅमची गोळी स्वतःहून बंद करू नये. ताप आला तर ती चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.