पाटीवर लेझर, आत आयपीएल!

नको असलेले केस काढून देणाऱ्यांनो, पाटीवर एक आणि आत दुसरंच मशीन, किती वर्षं हेच चालायचं? लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश: डायोड लेझरचा साधारण 810 नॅनोमीटर, एनडी-याग लेझरचा 1064. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) म्हणजे साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा सगळा झोत, फिल्टर लावून गाळलेला. दोन्ही एकच कसे?

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, भरपूर. फिल्टर चुकला किंवा जोर जास्त ठेवला, की तो उजेड केसाच्या मुळाआधी कातडीच शोषते. मग पोटरीवर हँडपीसच्या (कातडीवर टेकवायच्या टोकाच्या) काचेएवढे चौकोनी चट्टे उठतात, ओळीने, फरशी बसवल्यासारखे. वर सांगतात, "मॅडम, होतं असं, आठवड्यात जाईल." जाईल? असले काळे डाग महिनोन्‌महिने हटत नाहीत!

टेस्ट पॅच का घेत नाही? एक-दोन शॉट मारायचे, एक-दोन दिवस थांबायचं, एवढंच तर आहे! उन्हात रापून आलेल्या बाईला त्याच आठवड्यात टेबलावर झोपवताच कसं? डोळ्यांवर गॉगल कुठाय? आणि "वॅक्स करून या" कोण सांगतं? मूळच उपटलं तर उजेड तापवणार काय? आदल्या दिवशी रेझर फिरवायचा, बस!

"सहा सिटिंगमध्ये कायमचे साफ" हे तर थांबवाच. अमेरिकेची औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी एफडीएसुद्धा 'केस कायमचे कमी होतात' एवढंच म्हणू देते, 'कायमचे जातात' नाही. पांढऱ्या केसांत रंगच नाही, मग त्यांचे पैसे कसले घेता? पीसीओएस (हार्मोन बिघडवणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलीच्या हनुवटीवर हार्मोन नवे केस आणू शकतात, हे पॅकेज गळ्यात मारण्याआधी का सांगत नाही?